आबाजीचा घडीचा चाकू, नाव ना शिक्का : ओळखायचा कसा, नीट करायचा कसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वाडा पाडताना, धान्याची कोठी उपसताना नाहीतर आबाजीची लोखंडी पेटी उघडली की एखादा मिटलेला, गंजलेला चाकू निघतो. त्याचा फोटो माझ्याकडे येतो आणि सोबत तेच ते प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतो. एक विनंती आधीच, खालचे पहिले नऊ प्रश्न वाचल्याशिवाय चाकूला सॅंडपेपर लावू नका. नाव नसलेल्या चाकूची ओळख त्याच्या झिजेत आणि बांधणीत असते, आणि आपण नेमकं तेच पहिले घासून टाकतो.

१. भाऊ, चाकूवर काहीच लिहेल नाही, मंग तो कुठचा हे समजन तरी का?

कंपनी सांगता येईलच असं नाही. पण साधारण कुठल्या काळातला, कारखान्याचा की लोहाराचा, कशाच्या कामाचा, हे बहुतेक वेळा समजतं, आणि घरच्यांना खरं तर तेच पाहिजे असतं. आपल्याकडे जुने चाकू मुख्यतः तीन वाटांनी आले. एक म्हणजे इंग्लंडचं शेफील्ड आणि जर्मनीचं सोलिंगन, हा माल मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत यायचा, आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आल्यावर वऱ्हाड-नागपूरच्या बाजारात तो पोचणं सोपं झालं. दुसरी वाट देशातल्या चाकूच्या गावांची, म्हणजे फाळणीआधीच्या पंजाबातलं वजिराबाद, उत्तर प्रदेशातलं रामपूर. तिसरी आपल्याच गावातला लोहार, नाहीतर पाल टाकून बसणारे घिसाडी. स्वस्तातला माल बिनशिक्क्याचा निघायचा, आणि ज्याच्यावर शिक्का होता तोही साठ-सत्तर वर्षं दगडावर घासून गेलेला असू शकतो.

२. शिक्का खरंच नाही की गंजाखाली दबला, हे कसं पाहायचं?

पात्याच्या बुडाशी, जिथं ते मुठीत शिरतं आणि जिथं धार नसते, त्या चौकोनी भागावर पाहा, दोन्ही बाजूंनी. पाती दोन-तीन असतील तर प्रत्येकाचं बूड पाहा, कारण मोठं पातं झिजतं पण छोटं फार वापरलेलं नसतं आणि त्याच्यावर नाव शाबूत राहतं. मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा, पात्याला जवळजवळ टेकवून, आणि दुसऱ्या मोबाइलनं झूम करून फोटो काढा. सरळ उजेडात जे सपाट दिसतं त्याच्यात आडव्या उजेडात अक्षरांच्या कडा उठतात. पात्याच्या पोटावर तेजाबानं कोरलेली नक्षी किंवा दुकानदाराचं नाव असेल तर पात्यावर तोंडाची वाफ सोडा, वाफ उडता उडता क्षणभर ते दिसून जातं. मुठीवर छोटी धातूची ढाल बसवलेली असेल तर तीही पाहा.

अर्धंच नाव मिळालं तर त्याच्यावर लगेच उडी मारू नका. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा माल हिंदुस्थानात इतका चालायचा की त्याच्यासारखी नावं टाकलेले नकली चाकू भरपूर आले. खऱ्या रॉजर्सवर बहुतेक वेळा चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही जोडखूण असते. जॉर्ज वोस्टनहोमची खूण आय एक्स एल, आणि सोलिंगनच्या हेंकेल्सची जुळ्या माणसांची.

३. किती वर्षाचा आहे? आजी म्हणते इंग्रजाच्या टायमाचा.

आजीचं म्हणणं लिहून ठेवा, तारखेसकट आणि तिच्याच शब्दात. पण चाकूलाही विचारा. पातं स्टेनलेसचं असेल (प्रश्न ४) तर तो १९१३ च्या आधीचा नाहीच, कारण चाकूचं स्टेनलेस शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीनं त्या साली बनवलं आणि खिशातल्या चाकूत ते रुळायला अजून काही वर्षं लागली. मुठीला अधिकच्या खुणेचे, म्हणजे फिलिप्सचे स्क्रू असतील तर १९३० च्या दशकाच्या मधल्या वर्षांच्या अलीकडचा, किंवा नंतर कोणी दुरुस्त केलेला. मूठ बेकेलाइटची असेल तर १९०७ नंतरचा. नुसतं गावाचं नाव आहे की सोबत देशाचंही आहे, हेही पाहायचं. इंग्लंडमध्ये १८८७ च्या आणि अमेरिकेत १८९० च्या कायद्यानंतर बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकायची पद्धत वाढली, त्यामुळे ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असं लिहिलेलं दिसलं तर साधारण त्या सुमाराचा किंवा नंतरचा धरायचा. देशाचं नाव नाही म्हणजे जुनाच, असं मात्र उलटं धरता येत नाही.

या सगळ्यातून मिळते ती ‘याच्या आधीचा नाही’ एवढी एक रेघ. नेमकं साल कोणी फोटो पाहून ठोकून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

४. पातं साध्या लोखंडाचं की स्टेनलेसचं? चुंबक लावून पाहिलं, चिकटते.

चुंबकानं इथं काही ठरत नाही, चाकूचं स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटतं. रंग पाहा. कार्बन पोलादाचं पातं जुनं झालं की निळसर-करडं, कुठं कुठं काळपट होतं, आणि त्याच्यानं संत्र कापून तसंच ठेवलं की थोड्या वेळात डाग पडतो. स्टेनलेस वर्षानुवर्षं पांढरं राहतं, गंजलंच तर बारीक ठिपक्यांनी.

चुंबक मुठीसाठी कामाचा आहे. टोकाच्या टोप्या आणि आतल्या पट्ट्यांना लावून पाहा. पट्ट्या पिवळ्या आणि चिकटत नाहीत म्हणजे पितळ, टोप्या पांढऱ्या आणि चिकटत नाहीत म्हणजे बहुतेक जर्मन सिल्व्हर (ह्याच्यात चांदी नसते, तांबं-जस्त-निकेल असतं, सोनाराकडे धावू नका). सगळंच चिकटलं तर लोखंडी काम, म्हणजे स्वस्तातला कारखाना, फौजी किंवा लोहार.

५. मूठ हाडाची, शिंगाची, हस्तिदंताची की प्लास्टिकची?

भिंग घ्या, नाहीतर मोबाइलचं झूम. हाडात बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. म्हशीचं शिंग काळं-तपकिरी असतं, पातळ कडेला मागून टॉर्च लावला तर उजेड झिरपतो आणि आत थर दिसतात, जुनं झालं की कडेनं पापुद्रे सुटतात, किडेही खातात. सांबर-चितळाचं शिंग वरून खडबडीत, खाचाखाचांचं. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी दिसते आणि हाडासारखे ठिपके नसतात. प्लास्टिकला साच्याची शिवण असते नाहीतर सगळीकडे एकसारखा रंग. हस्तिदंत किंवा सांबरशिंग निघालं तर आधी प्रश्न १७ वाचा.

गरम सुई टोचून पाहायची ती जुनी युक्ती कृपा करून करू नका, कारण पुढच्या प्रश्नात आहे.

६. मूठ पिवळसर, कासवाच्या पाठीसारखी दिसते, घासली की कापराचा वास येतो. हे काय?

सेल्युलॉइड. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून साधारण १९४० च्या दशकापर्यंत चाकूच्या मुठींना हे भरपूर वापरलं. दिसायला फार सुंदर, पण झपकन पेट घेतं, म्हणून सुई, लायटर, चूल, ग्राइंडर काहीच जवळ नेऊ नका. दुसरा त्रास असा की जुनं सेल्युलॉइड आपोआप सडायला लागतं आणि त्यातून तेजाबी वाफ सुटते. तीन-चार चाकू एका डब्यात बंद असतील आणि सगळ्यांचीच पाती मुठीजवळ जास्त गंजत असतील तर त्यातला एखादा सेल्युलॉइडचा आहे का पाहा. मूठ भुरभुरायला लागली, चिरा पडल्या, आंबूस वास आला की तो चाकू वेगळा काढायचा आणि हवेशीर, थंड जागी उघडा ठेवायचा. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर मे महिन्यात तर नाहीच नाही.

७. आमच्या चाकूला पातं एक आणि मागच्या टोकाला हाडाची चपटी जीभ आहे, तिला धार नाही. तुटलेलं पातं आहे का ते?

तुटलेलं नाही, ते तसंच असतं. वरुड, मोर्शी, शेंदूरजनाघाट, काटोल भागातून हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात जास्त आनंदही याच चाकूचा होतो. हा कलमा बांधायचा चाकू. जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लिंबूच्या खुंटावर (मुळाकडचं रोप) संत्र्याचा डोळा (फुटायचा कोंब) चढवताना पात्यानं सालीला टी आकाराचा काप द्यायचा आणि त्या जिभेनं साल अलगद उचलायची, खालच्या लाकडाला न दुखावता, म्हणून ती बोथट आणि गुळगुळीत ठेवलेली असते. लोखंडानं साल उचलली तर जखम काळी पडते असं जुने माळी सांगतात, म्हणून हाड.

अशा एका चाकूची जीभ मी टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिली होती. तिची एकच कड झिजली होती, डावी, आणि मुठीवर अंगठा टेकतो तिथं हाडाला खळगा पडला होता, त्या खळग्यात मूठ काचेसारखी चमकत होती. एकाच माणसाच्या हातात ती किती हंगाम राहिली असेल हे त्या खळग्यावरून कळतं, कोणत्याही शिक्क्यापेक्षा जास्त. अशी झीज भरून काढू नका, सपाट तर अजिबात करू नका. जीभ सैल असेल तर फक्त खिळा आवळा.

८. जाड काळी मूठ, एक टोच्या, एक डबा फोडायचं, वर कडी. हा कशाचा?

बहुतेक फौजी. ब्रिटिश आणि हिंदुस्थानी फौजेला असे चाकू मिळायचे आणि महायुद्धानंतर जुना सरकारी माल म्हणून ते बाजारातही आले. कामठीसारखी छावणी जवळ असल्यावर आपल्याकडे ते निघणं नवल नाही. पात्याच्या बुडाशी किंवा डबा फोडायच्या पात्यावर बाणाची खूण शोधा. तीन रेघांचा बाण म्हणजे सरकारी मालमत्ता, त्याच्यासोबत इंग्रजी आय असेल तर हिंदुस्थान सरकार. साल पडलेलं असेल तर अंदाज लावायची गरजच नाही. काळी चौकटीदार मूठ प्लास्टिकच्या जातीची असते, तिला घासलेट लावू नका.

९. लोहारानं केलेला की कारखान्याचा, हे कसं ओळखू?

मिटवून पाठीकडून पाहा. कारखान्याच्या चाकूत पट्टी, स्प्रिंग, पट्टी हे थर सरळ रेषेत, फट नाही, खिळ्यांची डोकी घासून सपाट केलेली. लोहाराच्या कामात खिळे थोडे तिरपे, डोकी ठोकलेली दिसतात, पात्याला नख घालायची खाच एक तर नसते नाहीतर छिन्नीनं पाडलेली असते, आणि पुष्कळदा स्प्रिंगच नसते, नुसत्या घर्षणावर पातं थांबतं. पातं जुन्या कानशीचं केलं असेल तर तिच्या आडव्या दातांच्या पुसट रेघा अजून दिसतात, त्या घासून काढू नका, तीच त्याची सही आहे. लोहारी चाकू हलका समजून फेकून देणारे लोक पाहिले की खरंच वाईट वाटतं. शेफील्डचे लाखोंनी निघाले, तुमच्या गावच्या लोहाराचा तो एकच असू शकतो.

१०. चाकू उघडतच नाही. पक्कडीनं ओढू का?

नाही. नखाच्या खाचेला पक्कड लावली की खाच फुटते नाहीतर टोक मोडतं. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा, नाहीतर डब्ल्यूडी-४० ची नळी लावून थोडंसं मारा, आणि चाकू सांधा खाली करून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी परत. घाई नाही, आठवडा लागला तर लागू द्या. मग नखाऐवजी जाड चामड्याचा तुकडा पात्याला चिमटून ओढा, केसभर हलला की लगेच मिटवा, परत तेल, परत केसभर. तेल काळं-लाल होऊन बाहेर येईल, ते पुसत राहा. स्प्रिंगवाला चाकू एकदम उघडून एकदम मिटतो, म्हणून बोटं धारेच्या वाटेत ठेवू नका आणि हे काम पोरांजवळ बसून करू नका.

उघडला की आतली खाच पाहा. कापसाचे तंतू, सुपारीचा भुगा, तंबाखू, माती, सगळं तेलात मळून घट्ट बसलेलं असतं आणि तेच ओल धरून आतून पोलाद खातं. बांबूच्या काडीनं कोरून काढा, सुईनं किंवा स्क्रूड्रायव्हरनं नाही.

११. गंज किती काढायचा? लिंबू, चिंच, चुलीची राख, कोल्ड्रिंक, काय लावू?

लाल गंज काढायचा, काळा-निळसर थर राहू द्यायचा. लाल गंज जिवंत असतो, पसरतो. काळा थर पोलादावर बसलेला असतो, तो थोडंफार संरक्षणच करतो आणि चाकूचं वयही त्याच्यातच दिसतं. लिंबू, चिंच, व्हिनेगर, कोल्ड्रिंक हे सगळे तेजाबी, दोन्ही थर एकदम खातात, पातं मेल्यासारखं राखाडी करतात आणि सांध्यात मुरून आतून नवा गंज आणतात. राख सौम्य आहे पण तिच्यात खडे असतात आणि पाण्यात कालवली की तेजाबाच्या उलट, खार होते. पितळेच्या भांड्याला ती ठीक आहे, इथं नको.

करायचं असं : लाल डागावर तेल, दोन दिवस मुरू द्या, मग तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीच्या कडेनं खरवडा. तांबं-पितळ पोलादापेक्षा नरम, म्हणून गंज निघतो आणि पात्याला ओरखडा पडत नाही. राहिलेल्याला सगळ्यात बारीक, चार शून्याचं स्टील वूल तेलात बुडवून, पात्याच्या लांबीच्या दिशेनं हलक्या हातानं. पात्याचं बूड शेवटी, आणि प्रश्न २ मधले फोटो काढून झाल्यावरच. खड्डे पडलेले असतील तर खड्डे राहू द्या. ते घालवायचे तर आजूबाजूचं सगळं पातं तेवढं खाली घासावं लागतं.

१२. बाजाराच्या दिवशी सायकलवाला धारवाला येतो, त्याच्याकडून धार लावून घेऊ का?

विळा, कोयता, सुरी खुशाल द्या, हा चाकू देऊ नका. फिरत्या दगडावर पातळ पातं सेकंदात तापतं. कार्बन पोलादाचं पातं कडक केल्यावर साधारण २०० ते २५० अंशाच्या आसपास परत तापवलेलं असतं, ३०० च्या जवळ गेलं की कडेला निळी झाक येते आणि तिथला कडकपणा गेला. मग कितीही धार लावा, दोन संत्री कापली की बोथट. हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड घ्या, बारीक बाजू वापरा, तेल किंवा पाणी टाका, पातं दगडावर १५ ते २० अंशाच्या कोनात धरून दोन्हीकडून सारखं फिरवा. शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर उलटं ओढा. चाकू नुसता ठेवायचाच असेल तर धार लावायची गरज नाही.

१३. पातं लुळं झालं, मिटताना टक् असा आवाज येत नाही.

आधी नुसती घाण आणि सुकलेलं तेल आहे का बघा (प्रश्न १०), बरेच वेळा तेवढ्यानंच आवाज परत येतो. पातं आडवं डुलत असेल तर सांध्याचा खिळा सैल झाला. चाकू सपाट लोखंडावर ठेवा, खिळ्याच्या डोक्यावर छोट्या गोल तोंडाच्या हातोडीनं हलके हलके ठोके द्या, दोन ठोके मारून तपासा, परत दोन. मूठ हाड-शिंगाची असेल आणि खिळा त्याच्यातून आरपार असेल तर ठोका मुठीवर बसला की तडा गेलाच, हे काम सोनाराच्या हाताच्या माणसाकडून करून घ्या. स्प्रिंग तुटली असेल तर नवी बसवायला सगळा चाकू खोलावा लागतो, जुने खिळे कापावे लागतात. रोज वापरायचा असेल तर करा, जुने तुकडे मात्र पुडीत बांधून जपा. नुसती आठवण म्हणून ठेवायचा असेल तर तुटका राहू द्या.

१४. लाकडी मूठ कोरडी पडली, चिरली. आणि एका बाजूची तर गायबच आहे.

कोरड्या लाकडाला जवसाचं तेल चांगलं, आपल्याकडे घरोघरी ओळखीचं. अगदी पातळ हात, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून टाका, दोन-तीन दिवस सुकू द्या, परत एक हात. सांध्यात आणि पात्यावर ते जाऊ देऊ नका, सुकलं की चिकट गोंद होतो. एक फार महत्त्वाचं : जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका. ते सुकताना स्वतःच तापतं आणि काडी न लावता पेटू शकतं, आपल्या ४५ अंशाच्या उन्हाळ्यात तर जास्तच. फडकं पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून मग फेका.

गायब बाजूसाठी शिसम किंवा बाभूळ घ्या, पूर्ण वाळलेलं. रंग जुन्या बाजूशी अगदी एकसारखा करायचा अट्टहास करू नका, नवी बाजू नवी आहे हे ओळखू येणंच प्रामाणिक.

१५. नीट केल्यावर ठेवायचा कसा? खोबरेल लावलं तर चालते का?

खोबरेल, फल्ली तेल, जवस, कोणतंही खाण्याचं किंवा झाडाचं तेल पात्याला नको, ते काही महिन्यांनी चिकट होतं नाहीतर खवट. मशीनचं तेल लावा. फळं कापणार असाल तर औषधाच्या दुकानात मिळतं ते लिक्विड पॅराफिन. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं कमावायच्या रसायनांनी पात्यावर गंज येतो, म्यान वेगळं ठेवा. मृगाआधी एकदा आणि दिवाळीला एकदा पुसून तेल, एवढं पुरे. हाड आणि शिंगाला आपल्या मे महिन्याची झळ सोसत नाही, पत्र्याच्या पेटीऐवजी लाकडी कपाटाच्या खालच्या खणात सुती कपड्यात गुंडाळा.

१६. खिशात घेऊन फिरलो तर पोलीस धरतात का?

शस्त्र नियम २०१६ च्या यादीत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, घरकामाची आणि शेतीची अवजारं सोडून. आपला कलमाचा चाकू त्याच्यात बसत नाही. पण निवडणूक, सण, तणाव असला की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्या काळात चाकू बाळगणं महागात पडू शकतं. त्यामुळे वावरात चाललात तर अवजारांच्या पिशवीत ठेवा, यात्रा-सभा-बसस्टँडला नेऊ नका, विमानात हातातल्या बॅगेत चालतच नाही. बटण दाबून उघडणारा किंवा रामपुरी असेल तर घराबाहेर काढूच नका.

१७. मूठ हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची निघाली तर?

विकू नका, विकत घेऊ नका, बाहेर पाठवू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे आणि वारशानं आलेली वस्तू ठेवायलाही मालकीचा कागद लागतो. तो आजोबांनी केला होता का हे घरच्या कागदात शोधा, नसेल तर जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, लपवून ठेवण्यापेक्षा ते बरं. आणि मूठ बदलायची म्हणून मेळघाट-ताडोबाच्या जंगलात गळून पडलेलं शिंग उचलून आणायचा विचार कोणी केला असेल तर तो गुन्हा आहे, शिंग आपोआप गळलेलं असलं तरी. म्हशीचं शिंग वापरा.

१८. विकला तर किती येतील? एक जण घरी येऊन मागत होता.

बिनशिक्क्याच्या चाकूला बाजारात मोठा भाव नसतो, अपवाद फौजी खुणेचे आणि पूर्ण शाबूत कलमाचे. घरी येऊन घाई करणाऱ्याला त्या दिवशी देऊ नका, प्रश्न २ प्रमाणे फोटो काढा आणि दोन ठिकाणी विचारा. १०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तू पुरावशेष कायदा १९७२ प्रमाणे देशाबाहेर पाठवता येत नाहीत, तेव्हा परदेशातलं गिऱ्हाईक आहे म्हणणाऱ्याला तिथंच थांबवा.

घेणारे असाल तर उलटी काळजी. नवा चाकू तेजाबात बुडवून जुना केलेला सर्रास मिळतो. त्याचा गंज सगळीकडे सारखा असतो, खाचेत मळ नसतो, आणि पातं पूर्ण रुंदीचं असतं. खऱ्या जुन्या चाकूचं पातं मधे झिजून आत गेलेलं असतं आणि मिटवलं की टोक मुठीतून जरा वर डोकावतं.